बसायला जागा : मेक्सिको सिटीतला एक निवांत रविवार

मंडळी, लेकीकडे मेक्सिकोला जाऊन आले तेव्हापासून रोज कुणी ना कुणी म्हणतंच, "काकू, फोटो टाका ना!" फोटो आहेत. पिरॅमिडचे आहेत, चर्चचे आहेत, निवडुंगाशेजारी उभे असलेल्या आमच्या ह्यांचे तर पंचवीस आहेत. तेही टाकीन. पण आज एका रविवारबद्दल लिहिते. येत्या शनिवारी आपल्या गावात जुन्या शाळेमागच्या मैदानाची बैठक आहे, आणि त्या रविवारी आम्ही दोघांनी जे पाहिलं ते बैठकीआधी तुमच्या कानावर घालायचं आहे. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी आमच्या दोघांबद्दल थोडं. लग्नाला ३८ वर्षं झाली. मी शाळेत भूगोल शिकवला, हे एसटीत होते. दोघंही निवृत्त. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं आपल्या गावात एका बाकावर शेजारी बसलोय असं किती वेळा झालं असेल? मला तर एकदाही आठवत नाही. लग्नकार्यात बायका इकडे, पुरुष तिकडे. देवळात तेच. बागेत जावं तर आधी बाक शोधा, बाक मिळाला तर तो तुटलेला, आणि चांगला असला तर लोक बघणार, "सर-मॅडम इथं काहून बसले असतील?" असं म्हणणार. म्हणून आपण घरी बसतो. टीव्हीसमोर.

तर दिवाळीनंतरचा रविवार होता. लेक म्हणाली, चला, मी गाडीने फिरवते. म्हटलं, नको. आज आम्ही दोघंच जातो. कुठं घाई नाही, काही 'कव्हर' करायचं नाही. दमलो की बसू, भूक लागली की खाऊ. तिने फोनमध्ये नकाशा घालून दिला, मेट्रोचं कार्ड दिलं आणि शंभरदा बजावलं की मोबाईल हातात मिरवू नका, पर्स पुढे धरा. दोन कोटींवर वस्तीच्या महानगरात ही काळजी रास्तच आहे. ते शहर म्हणजे काही स्वर्ग नाही, आणि ही पोस्ट "तिकडे बघा कसं छान, आपल्याकडे बघा कसं वाईट" अशी नाही. तसली पोस्ट मला स्वतःलाच वाचवत नाही.

मेट्रोपासून सुरू करते. तिकीट ५ पेसो, म्हणजे आपले साधारण पंचवीस रुपये. एक स्टेशन जा की शहराच्या दुसऱ्या टोकाला जा, तेवढेच. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव. पण मला सगळ्यात आवडली ती चित्रं. प्रत्येक स्टेशनचं स्वतःचं चित्र आहे. चापुल्तेपेकला टोळ, कारण तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत त्या नावाचा अर्थच टोळांची टेकडी. कोयोआकानला कोल्ह्याच्या जातीचा कोयोटे. १९६९ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा शहरात वाचता न येणारे लोक पुष्कळ होते. मग लान्स वायमन नावाच्या चित्रकाराने ही चिन्हं काढली. अक्षर येवो न येवो, माणूस चुकता कामा नये. आम्हाला कुठं स्पॅनिश येत होतं? आम्हीही त्या हिशेबाने निरक्षरच. ह्यांनी लगेच सोपं करून टाकलं : "घंटा आली की उतरायचं." इन्सुर्खेन्तेस स्टेशनचं चित्र घंटेचं आहे, त्यांच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या दोलोरेसच्या चर्चची घंटा. उतरलो, बरोबर उतरलो.

याच मेट्रोचा एक उन्नत मार्ग मे २०२१ मध्ये धावत्या गाडीसकट कोसळला आणि २६ माणसं गेली, हेही सांगायला हवं. बांधलेलं नीट राखलं नाही, की आधी नीट बांधलंच नाही, यावर तिथं मोठा गदारोळ झाला. चित्र छान असलं म्हणून पूल मजबूत असतो असं नाही.

स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटं चाललो आणि पासेओ दे ला रेफोर्मा लागला. मुंबईतल्या लोकांनी मरीन ड्राइव्ह डोळ्यासमोर आणावा, समुद्र वजा करून. दोन्हीकडे उंच झाडं, मध्ये रुंद रस्ता, टोलेजंग इमारती, बँका, हॉटेलं. शहरातला सगळ्यात महागडा रस्ता. आणि दर रविवारी सकाळी आठ ते दुपारी दोन हा रस्ता गाड्यांना बंद! २००७ पासून. माणसं सायकलवर, स्केटवर, पायी. बापाच्या खांद्यावर पोरं, कुत्र्यांच्या गळ्यात रुमाल. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांना ओळखपत्र ठेवून फुकट सायकल मिळते. एक आजी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठ्या असतील, तीन चाकी सायकलवर पुढच्या टोपलीत भाजी ठेवून सावकाश निघाल्या होत्या. मागून टिंगटिंग करणारं कुणी नाही.

आणि फुलं! रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडू. मैलभर झेंडू. ऑक्टोबरात तिथं मृतांच्या सणाची तयारी असते, १ आणि २ नोव्हेंबरला. आपल्या पितृपक्षासारखं समजा, पण गाणी-बजावणी, मिठाई आणि फुलांसकट. गेलेल्या माणसाला घरची वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. झेंडू मुळात याच देशाचा. आपण दसऱ्याला दाराला तोरण बांधतो ते फूल समुद्र ओलांडून आलंय, हे मी वर्गात पन्नासदा शिकवलं असेल, पण त्या रस्त्यावर वास आला आणि मला थेट आमच्या जुन्या घराचा उंबरठा आठवला. हे म्हणाले, "वासाला काही पासपोर्ट लागत नाही बाप्पा."

तिथून पुढे एका मोठ्या चौकात आलो. मध्ये झाड आहे, आवेवेते नावाचं, त्यांचं राष्ट्रीय झाड. पूर्वी तिथं शंभरेक वर्षं जुना ताड होता, तो वठला म्हणून २०२२ मध्ये काढला. चौक रिकामा झाला आणि त्याच वेळी हरवलेल्या माणसांच्या घरच्यांनी तिथं फोटो आणून लावले. हरवलेली म्हणजे जत्रेत चुकलेली नव्हे. उचलून नेलेली, टोळ्यांनी, कधी वर्दीतल्या माणसांनी, आणि परत न आलेली. सरकारी नोंदीतच हा आकडा २०२२ मध्ये एक लाखाच्या पुढे गेला. प्रशासनाने ते फोटो काढले, लोकांनी परत लावले. पुन्हा काढले, पुन्हा लावले. आता नकाशावर काहीही लिहिलेलं असो, लोक त्याला हरवलेल्यांचा चौक म्हणतात.

आम्ही गेलो तेव्हा एक बाई ओल्या फडक्याने एकेका फोटोवरची धूळ पुसत होत्या. साठीच्या असतील. मी उभी राहिले. त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं, तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, फुटबॉलचा टीशर्ट, हसणारा. "मी इखो," म्हणाल्या. माझा मुलगा. एवढं स्पॅनिश मला येत होतं. पुढे बरंच बोलल्या, त्यातलं काही कळलं नाही, पण समजलं नाही असंही म्हणता येणार नाही. मी ओढणीने शेजारच्या फोटोची काच पुसली. हे बाटलीतलं पाणी तिथल्या झेंडूच्या कुंडीला घालत होते. त्या बाईंनी विचारलं, "इंदिया?" आम्ही मान हलवली. त्यांनी माझा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला, मग पुढच्या फोटोकडे वळल्या. बाजूने सायकली चालल्या होत्या, पोरं हसत होती. कुणी त्यांना हटकत नव्हतं.

त्याच रस्त्यावर पुढे आणखी एक चौक आहे. तिथं कोलंबसाचा पुतळा होता. २०२० मध्ये तो दुरुस्तीसाठी म्हणून उतरवला. त्याच्या जागी काय बसवायचं यावर चर्चा चालू असताना २०२१ मध्ये बायका आल्या आणि रिकाम्या चौथऱ्यावर त्यांनी मूठ उंचावलेल्या मुलीची जांभळी आकृती उभी केली. भोवतीच्या कुंपणावर मारल्या गेलेल्या, हरवलेल्या बायकांची नावं रंगवली. ती आकृती अजून तिथंच आहे. त्याच्याही पुढे एक मोठा लाल "+४३" आहे, २०१४ मध्ये नाहीशा झालेल्या आयोत्सिनापाच्या ४३ विद्यार्थ्यांसाठी. परवानगी कुणी मागितली नाही.

मी हे सगळं एवढं का सांगतेय? सार्वजनिक जागा म्हटलं की आपण फक्त सौंदर्यीकरण म्हणतो. कारंजं, लाइटिंग, "आय लव्ह" असं लिहिलेला सेल्फी पॉइंट. पण जागा लोकांची असेल तर तिथं लोकांचं दुःखही येऊन बसणारच. त्या शहरातल्या सरकारला ते आवडत नसेलच, कुठल्याच सरकारला आवडत नाही. पण सायकलवाल्या पोरांच्या सुट्टीचा रस्ता आणि त्या आईचा रस्ता एकच आहे. आपल्याकडे त्या आईने कुठं बसावं? उपोषणाला तंबू टाकायची जागासुद्धा आता गावाबाहेर ढकलली जाते.

असो. पाय दुखायला लागले होते. रेफोर्मावर दर थोड्या अंतरावर दगडी बाक आहेत, तिथं दोनदा बसलो, आणि मग आलामेदा नावाच्या बागेत पोचलो. १५९२ सालची बाग! अमेरिका खंडातली सगळ्यात जुनी सार्वजनिक बाग म्हणतात तिला. फाटक नाही. तिकीट नाही. "दुपारी १२ ते ४ बंद" नाही. जॅकरांडाची झाडं, कारंजी, ज्यात पोरं बेधडक भिजत होती. आणि बाक. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

बाकांवर कोण होतं? म्हातारी माणसं वर्तमानपत्र घेऊन. एक सैनिक आईस्क्रीम खात. फुगेवाली बाई पोराला दूध पाजत. आणि जोडपी. तरुण जोडपी, चांगली गळ्यात गळे घालून. आमचे हे आधी आभाळाकडे बघायला लागले. मग दहा मिनिटांनी म्हणाले, "पाय, कोणी पाहून नाही राहिलं त्यांच्याकडं." खरंच कुणी बघत नव्हतं. पोलीस होते, ते आपसात गप्पा मारत होते. आणि कुणी बघत नसलं की ते दृश्य दोन मिनिटांत अगदी साधं होऊन जातं. आम्हीही बसलो शेजारी शेजारी. अडीच तास बसलो. खरं सांगते, घड्याळ पाहिलं तेव्हा मला धक्का बसला.

खाण्याचं सांगितल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. बागेजवळ एक मावशी तव्यावर त्लाकोयो भाजत होत्या. निळ्या मक्याच्या पिठाचा लांबट गोळा, आत वाटलेल्या शेंगदाण्यांसारखं काहीतरी दिसलं, ते निघालं घेवड्यासारख्या दाण्यांचं सारण. वरून निवडुंगाची भाजी, कांदा, चीज, हिरवी चटणी. चरबी नाही ना, एवढं विचारून घेतलं. लेकीने ते वाक्य पाठ करून घेतलं होतं. ह्यांनी पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "ही तर आपली पुरणपोळीची बहीण, तिखट सासरी दिलेली." मक्याचे दाणे ते आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, भिजत ठेवतात, मग दळतात. हजारो वर्षांची पद्धत. त्याने मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपियनांनी मका नेला, पद्धत नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला.

आणि मंडळी, ज्या मिरचीशिवाय आपल्या विदर्भाचा वरणभातही पुढे सरकत नाही ती मिरची इथली. टोमॅटो इथला. चिकू इथला, आणि "चिकू" हे नावही मुळात नाहुआत्ल भाषेतूनच फिरत फिरत आलंय. आम्ही जेवत असताना बाजूने जाणारी अनोळखी माणसं "प्रोवेचो" म्हणत पुढे जात होती. सावकाश होऊ द्या, असं. पंक्तीत म्हणतो तसं, पण रस्त्यावर, कुणालाही.

आता जे पाहायला मी मुद्दाम गेले होते ते. तिथल्या शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत, झोकालो चौकापासून दोन पावलांवर. दोन मोठी अंगणं, भोवती तीन मजले आणि त्या मजल्यांच्या भिंती दिएगो रिवेरा या चित्रकाराने १९२३ ते १९२८ मध्ये रंगवल्या. शेतकरी, खाणकामगार, कोष्टी, शिक्षिका, बाजार, सण. मेक्सिकोच्या क्रांतीनंतर तिथल्या शिक्षणमंत्र्याने, वास्कोन्सेलोस त्यांचं नाव, चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती दिल्या. लोकांना वाचता येत नाही ना, मग त्यांचा इतिहास त्यांना दिसेल असा काढा. आता ती इमारत भित्तिचित्रांचं संग्रहालय म्हणून सगळ्यांना खुली आहे.

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक चित्र आहे, नावाचा अर्थ "आपली भाकर". मोठं टेबल, भोवती साधी माणसं, मुलं, मागे फळांची टोपली डोक्यावर घेतलेली बाई, आणि मध्ये बसलेला एक माणूस पाव मोडून वाटतोय. हा मधला माणूस म्हणजे पांडुरंग खानखोजे, असं मानलं जातं. आपल्या शेजारच्या वर्ध्याचे!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : खानखोजे गदर पक्षाच्या सुरुवातीच्या क्रांतिकारकांपैकी एक. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. भारतात परतायची वाट बंद, म्हणून १९२०च्या दशकात मेक्सिकोला पोचले. तिथं चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं आणि शेतकऱ्यांच्या पोरांसाठी मोफत शेतकी शाळा उभ्या केल्या. स्वातंत्र्य मिळाल्यावरही इंग्रजांच्या काळ्या यादीतल्या नावामुळे यायला त्रास झाला. शेवटी परत आले ते १९५५ साली, आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसवला, आपले लोकसभा अध्यक्ष गेले होते अनावरणाला.

हे त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आपल्या पोराटोरांना विचार, खानखोजे कोण ते. एकालाबी नाही सांगता येणार." मी ३० वर्षं शिकवलं, मला त्याचं उत्तर माहीत आहे. पाठ्यपुस्तकात ओळ असती तर सांगता आलं असतं, आणि गावात एखाद्या भिंतीवर चित्र असतं तर न शिकवताच सांगता आलं असतं. आपल्या भिंतींवर काय आहे? वाढदिवसाच्या शुभेच्छा.

तिथून झोकालो. अकरा-साडेअकरा एकरांचा उघडा चौक, मध्ये प्रचंड झेंडा. झोकालो म्हणजे चौथरा. १८४३ मध्ये तिथं स्वातंत्र्यस्मारक बांधायचं ठरलं, चौथरा झाला, स्मारक काही झालं नाही, चौथऱ्याचंच नाव चौकाला पडलं. हे ऐकून तुम्हाला आपल्या गावातलं काही आठवलं तर त्याला मी जबाबदार नाही. या चौकात मात्र ना झाड, ना बाक. दुपारच्या उन्हात लोक झेंड्याच्या काठीच्या सावलीत ओळीने उभे राहतात आणि सावली सरकेल तसे सरकतात! म्हणजे तिथंही सगळं शहाणपण नाहीच.

चौकाच्या एका बाजूला कॅथेड्रल. १५७३ मध्ये बांधायला घेतलं, १८१३ मध्ये पुरं झालं. नीट पाहिलं तर वाकडं दिसतं. कारण हे शहरच तळ्यावर आहे. १३२५च्या सुमारास अॅझ्टेक लोकांनी तळ्यातल्या बेटावर तेनोच्तित्लान वसवलं. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ते पाडलं, त्याच्याच दगडांवर आपलं शहर बांधलं, आणि पुढे तळंही आटवत नेलं. शेजारीच जुन्या देवळाचे अवशेष आहेत, १९७८ मध्ये वीज कंपनीचे कामगार खड्डा खणत असताना कोयोल्शाउकी देवीची मोठी शिळा लागली आणि मग सगळं उघडलं. तळं गेलं, पण शहर आजही जमिनीखालचं पाणी उपसतं, म्हणून जमीन खचते. काही भाग वर्षाला चाळीस-पन्नास सेंटिमीटर खाली जातात. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात टंचाई. २०२४च्या उन्हाळ्यात, शंभरावर किलोमीटरवरून डोंगर चढवून पाणी आणणाऱ्या कुत्सामाला योजनेचा साठा तीस टक्क्यांच्याही खाली आला होता. गरीब वस्त्यांत टँकर. हे ऐकून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं फक्त. टँकर म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तळी बुजवून वर प्लॉट पाडले की काय होतं, तेही.

संध्याकाळी परत मेट्रो धरली आणि सान कोस्मेला उतरलो. लेकीने सांगितलं होतं, सांता मारिया ला रिबेरा वस्तीतल्या बागेत जा, रविवारी तिथं लोक नाचतात. बागेच्या मध्ये एक लोखंडी मंडप आहे, रंगीबेरंगी नक्षीचा, अरबी धाटणीचा. १८८४-८५च्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनासाठी बनवला होता, १९१० मध्ये या वस्तीत आणून बसवला. आता वस्तीचा मंडप.

स्पीकरवर गाणी चालू होती. कुंबिया, दान्सोन असलं काही. नाचणारे कोण? आमच्या वयाचे! साठ, सत्तर, एक आजोबा तर ऐंशीच्या पुढचे असतील, पांढरे बूट, टोपीत पीस, आणि त्यांच्या आजीबाई लाल ओठ रंगवून. गुडघे दुखत असतील, पण ठेका चुकत नव्हता. बाजूला एकटे आलेले लोक होते, त्यांनाही कुणी ना कुणी हात पुढे करत होतं.

तिथं इंग्रजी येणारी एक मुलगी भेटली, वस्तीतलीच. तिच्याकडून कळलं, आणि मग लेकीने बातम्या काढून दाखवल्या : २०२३च्या सुरुवातीला स्थानिक प्रशासनाने हा नाच बंद पाडला होता. आवाजाच्या तक्रारी आल्या म्हणून. लोकांनी काय केलं? निवेदनं दिली असतीलच, पण मुख्य म्हणजे ते सगळे येऊन नाचले. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. शहरभरातून लोक आले. शेवटी नाच पुन्हा सुरू झाला. तक्रार करणाऱ्यांचंही काही चुकीचं नव्हतं. घरात आजारी माणूस असेल, परीक्षा असेल. आवाज किती, किती वाजेपर्यंत, हे ठरवता येतं. आणि या वस्तीत आता भाडी वाढताहेत. परदेशी लोक, महिन्यासाठीची घरं, हा तिथं मोठा तापलेला विषय आहे; जुलै २०२५ मध्ये तर रोमा-कोंदेसा भागात त्यावरून मोर्चे निघाले. जुनी माणसं वस्तीतून गेली तर मंडपात नाचायला कोण उरेल, असं त्या मुलीचं म्हणणं. आम्हीही तिथं पाहुणेच होतो, तेव्हा गुमान ऐकून घेतलं.

मग व्हायचं ते झालं. त्या लाल ओठांच्या आजीबाई आल्या आणि ह्यांचा हात धरून निघाल्या! एसटीत ३४ वर्षं काढलेला माणूस, जो वरातीतही कधी नाचला नाही. "अगं, काय करू?" म्हणून माझ्याकडे बघत. म्हटलं, जा. पांढऱ्या बुटाच्या आजोबांनी मला अदबीने विचारलं, मी पाय दाखवला, तर तेच माझ्या शेजारी बाकावर टेकले आणि दोघं मिळून आम्ही आमच्या जोडीदारांना बघत राहिलो. दुसऱ्या गाण्याला हे माझ्याकडे आले. मी उठले. किती नाचलो ते विचारू नका. व्हिडिओ नाही. असला तरी दाखवणार नाही.

तर आता मुद्द्यावर.

आपल्या मैदानाबद्दल जे ठरतंय ते थोडक्यात असं : चारी बाजूंनी कुंपण, फाटकावर १० रुपये तिकीट, दुपारी बंद, आणि आत असलेले सात बाक काढून टाकायचे, कारण "पोरं-पोरी बसतात आणि टवाळखोर जमतात." कडेची कडुलिंबाची दोन झाडं पार्किंगसाठी जाणार. खर्च सौंदर्यीकरणाच्या नावाखाली.

टवाळखोरांचा त्रास खोटा नाही. माझ्याच विद्यार्थिनींनी सांगितलाय. पण बाक काढल्याने टवाळखोर जात नाही, तो बाइकवर बसतो. जाते ती बाकावर बसणारी म्हातारी, मूल पाजणारी बाई, दुपारच्या सुट्टीतला मजूर, अभ्यासाला घरात जागा नसलेला पोरगा. जागा सुरक्षित होते ती दिव्यांनी, राबत्याने आणि बायका तिथं हक्काने येऊन बसल्याने. रिकामं कुलूपबंद मैदान कुणाच्याच कामाचं नाही. आणि १० रुपये तुम्हाला-मला काही नाहीत, पण चौघांच्या घराला रोजचे ४० होतात.

पैसे नाहीत, हे कारण मला सांगू नका. बाक काढायलाही पैसे लागतात. आणि मेक्सिको काही अमेरिका-युरोपसारखा श्रीमंत देश नाही. तिथंही टँकर आहेत, खड्डे आहेत, भ्रष्टाचार आहे, आणि त्या चौकात फोटो पुसणारी आई आहे.

शनिवारी बैठकीत आपण काही जण लेखी हरकत देणार आहोत. मागण्या साध्या आहेत. तिकीट नको. बाक राहू द्या, आणखी दहा सावलीत टाका. दोन्ही कडुलिंब तोडू नका. कोपऱ्यात दोन दिवे आणि एक बायकांचं स्वच्छतागृह द्या. महिन्यातला एक रविवार शाळेसमोरचा रस्ता सकाळी तीन तास गाड्यांना बंद ठेवून बघा, नाही जमलं तर सोडून देऊ. आणि मैदानाच्या लांब भिंतीवर मुलांना खानखोज्यांचं चित्र काढू द्या; रंगाचा खर्च आम्ही निवृत्त शिक्षक वर्गणीतून करू.

सकाळी ११ वाजता. पन्नास माणसं आली तर ऐकावं लागेल, पाच आलो तर चहा पाजून परत पाठवतील. ज्यांना येता येत नाही त्यांनी आपलं नाव खाली लिहा, मी अर्जाला जोडते. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही जरूर लिहा, पण कारणासकट.

आणि सायंकाळी जमलं तर मैदानावर या. बाक अजून आहेत. आम्ही दोघं साडेपाचपासून तिथं असतो, पूर्वेकडून तिसऱ्या बाकावर.